अवजलावरची वीज

अलोऱ्यातल्या पोराला ‘अवजल’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते, तिथली यंत्रे फिरवते आणि बाहेर पडते. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांपुरते त्या पाण्याचे काम तिथेच संपले होते. पुढे वाशिष्ठीला मिळायचे, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जायचे, एवढीच त्याची वाट उरली होती. पण कोणीतरी मोजून पाहिले, की या वापरून झालेल्या पाण्याच्या अंगात अजून सुमारे ११० मीटरची उतरंड शिल्लक आहे. म्हणून कोळकेवाडीला धरण झाले आणि अलोऱ्याच्या डोंगरात तिसऱ्या टप्प्याचे वीजघर कोरले गेले. ८० मेगावॉटचा एक, असे चार संच. एका वीजघराने सोडून दिलेल्या पाण्यावर, म्हणजे अवजलावर, दुसऱ्या वीजघराने ३२० मेगावॉट वीज काढली. आमचे गाव, आमची वसाहत आणि आमच्यापैकी पुष्कळांच्या घरातली चूल या एका मोजणीतून निघाली आहे.

अलोऱ्याच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेतल्या मुलांना हाताचे शिक्षण देणाऱ्या एखाद्या संस्थेचा इतिहास’ लिहायला सांगितले, तेव्हा मला हे अवजलच आठवले. ज्या संस्थेविषयी लिहायचे ती कोकणातली नाही. पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, मस्तानीची कबर जिथे आहे त्या पाबळ गावी ती आहे. आमच्याकडे पाऊस छपरे फोडतो. पाबळ पर्जन्यछायेत, विहिरींचे तळ पाहणारे गाव. तरीही अलोऱ्याच्या स्मरणिकेत पाबळच्या विज्ञान आश्रमाचा इतिहास यावा असे मला का वाटते, ते सांगण्यासाठी आधी अण्णांविषयी, म्हणजे माझ्या वडिलांविषयी, चार ओळी लिहितो.

अण्णा पाटण तालुक्यातले. तिसऱ्या टप्प्याचे काम सुरू झाले तेव्हा कुंभार्ली घाट उतरून अलोऱ्यात आले. सुरुवात मदतनीस म्हणून केली आणि पाहून-करून शिकत फिटर झाले. बेअरिंगचा आवाज ऐकून ते त्याचा आजार सांगत. शाफ्ट सरळ आहे का, हे डायल गेज लावण्याआधी बोटांनी ओळखत. पण कागदावर ते ‘नॉन-मॅट्रिक’ होते. प्रत्येक बढतीच्या वेळी हा एक शब्द त्यांच्या आधी टेबलावर जाऊन बसे. मी नववी-दहावीत ओहमचा नियम पाठ करत असताना ते दाराशी बसून ऐकत. एकदा म्हणाले, “हे आमच्याकडं रोज होतंय की.” मला त्या वयात ते बोलणे गावंढळ वाटले. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो, आणि ते वाक्य मला समजायला पाबळला जावे लागले.

पाबळच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कागदावर मोठा आणि वर्गात लहान आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, आणि हस्तोद्योगातून शिक्षण कसे द्यायचे याचा अभ्यासक्रम डॉ. झाकिर हुसेन समितीने आखला. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा सर्व मुलांच्या शिक्षणाचा भाग मानला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९७५ ला दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि कार्यानुभवाला वेळापत्रकात तासिका मिळाली. त्या तासिकेत काय झाले, ते माझ्या वयाच्या सर्वांना आठवत असेल. खडू, मेणबत्त्या, कागदी फुले. वस्तू कोणालाच नको असायची, त्यामुळे ती चांगली झाली काय आणि वाईट झाली काय, काही बिघडत नव्हते. मोठ्या विचाराचा घात विरोधकांपेक्षा अशा बिनगरजेच्या वस्तूंनी जास्त केला, असे माझे मत आहे.

दुसऱ्या बाजूला तांत्रिक विद्यालये होती. तिथे खरी यंत्रे होती, खरे कारागीर शिक्षक होते. पण ती मोजक्या गावांत होती आणि मोजक्या मुलांसाठी. अकरावी-बारावीच्या पातळीवर आधी द्विलक्ष्यी आणि मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांचा पुष्कळांना उपयोग झाला. मात्र तोवर आठवी-नववीत गळालेला मुलगा केव्हाच हॉटेलात कपबशा विसळायला किंवा मुंबईला गेलेला असे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नेमक्या त्या गळालेल्या मुलापासून सुरुवात केली. हा माणूस मूळचा शिक्षणक्षेत्रातला नव्हे. अन्नतंत्रज्ञानात त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभाग सांभाळला. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने त्यांना आधार दिला आणि १९८३ मध्ये त्या संस्थेचे एक केंद्र म्हणून पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला. पत्नी मीराताई सोबत होत्याच.

पाबळच का? तिथे बागायत नव्हती, कारखाना नव्हता, शहर हाकेच्या अंतरावर नव्हते. कलबागांना असेच, कशाचीही विशेष कृपा नसलेले गाव हवे होते. इथे जे जमेल ते महाराष्ट्रात कुठेही जमेल, आणि इथे न जमणारी गोष्ट इतरांना सांगण्यात अर्थ नाही, असा हिशेब त्यामागे होता. प्रयोगशाळेतला माणूस प्रयोगासाठी नमुना निवडतो तशी त्यांनी जागा निवडली.

आश्रमाचे शिकवणे कसे होते, यावर जरा रेंगाळतो, कारण संस्थेचा खरा इतिहास तिथेच आहे. कलबागांचे म्हणणे साधे होते. मूल मातृभाषा व्याकरणाने शिकत नाही, बोलून शिकते. तसेच सगळे शिकणे आधी हाताने होते आणि मग त्याला डोके नाव देते. म्हणून अभ्यासक्रम एका धंद्याचा न ठेवता त्यांनी खेड्याच्या सगळ्या व्यवहाराचा ठेवला. अभियांत्रिकी म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, पत्राकाम, बांधकाम. ऊर्जा आणि पर्यावरण म्हणजे वीजजोडणी, इंजिन, जमिनीची मोजणी. गृह आणि आरोग्य म्हणजे अन्नप्रक्रिया, शिवण, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे. आणि शेती-पशुपालन. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग सगळ्यांनी करायचे. मुलीने वेल्डिंगचा होल्डर हातात धरायचा आणि मुलाने चिक्कीचा पाक ओळखायचा. सोळा वर्षांच्या पोराला ‘तू आयुष्यभर सुतार’ असे सांगण्याचा अधिकार शाळेला नाही, हे या रचनेतच गृहीत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. धंदेशिक्षणाच्या नावाखाली गरिबाच्या मुलाला लवकर एका खाचेत बसवून टाकण्याची भीती असते, आणि आपल्याकडे जातीने ती खाच शतकानुशतके कोरून ठेवलेली आहे. चारही विभाग सर्वांना, हा त्यावरचा कलबागांचा उपाय होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलांनी केलेले काम कोणालातरी हवे असले पाहिजे. गावातल्या माणसाला गेट हवे असते, शाळेला बाक हवे असतात, कोणाच्या गोठ्याला वायरिंग हवे असते. मुलांनी ते करायचे, गिऱ्हाइकाने सामानाचे आणि थोडे मजुरीचे पैसे द्यायचे. त्यामुळे शिक्षणाचा कच्चा माल फुकट जात नाही, हा पैशाचा हिशेब झाला. पण खरा लाभ वेगळा आहे. गेट बिजागरीत बसले नाही तर गिऱ्हाईक ते घेत नाही. चूक लाल शाईने दाखवावी लागत नाही. ती उंबऱ्यावर अडते. मग काटकोन म्हणजे काय, कर्ण मोजून तो कसा तपासायचा, हे पायथागोरससकट डोक्यात शिरते. आमच्या वसाहतीतला प्रत्येक गवंडी ३-४-५ चा दोरा लावून काटकोन काढायचा, आणि भूमितीच्या तासाला मी त्याच माणसाच्या मुलाला छड्या खाताना पाहिले आहे.

पाण्याचे उदाहरण सांगतो. पाबळसारख्या गावात विहीर कुठे खणायची हा जन्ममरणाचा प्रश्न. शेतकरी कर्ज काढून खणायचा आणि कोरडा दगड लागायचा. आश्रमाने जमिनीचा विद्युतरोध मोजण्याचे काम हाती घेतले. चार सळ्या एका रेषेत सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधले विभवांतर मोजायचे. ओल असलेला, भेगाळलेला खडक प्रवाहाला कमी अडवतो, कोरडा अखंड कातळ जास्त. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. म्हणजे ओहमचा नियमच. पण फळ्यावर लिहिलेल्या नियमाच्या पलीकडे शेताचा मालक उभा नसतो. इथे तो हात जोडून उभा असतो आणि आकडा ऐकून पुढच्या वर्षाचे ठरवणार असतो. ज्या मुलाला शाळेने ‘विज्ञानात कच्चा’ ठरवले, तो हे आकडे आलेखावर मांडताना मी जेव्हा पाहिला, तेव्हा अण्णांचे दाराशी बसून बोललेले वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आले.

आश्रमाची सुरुवात शाळेबाहेरच्या मुलांच्या निवासी अभ्यासक्रमाने झाली. पुढे त्याला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान पदविका हे नाव आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. शाळेने बाहेर सोडलेल्या मुलांवर चालणारा हा अभ्यासक्रम म्हणजे आमच्या अलोऱ्याच्या भाषेत तिसरा टप्पा. पण कलबाग तिथे थांबले नाहीत. मुले गळूनच का द्यायची, शाळेतच हे का नसावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. पाबळ परिसरातल्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस या कामाला, असा प्रयोग झाला. शिकवायला गावातलेच कारागीर. १९८७ च्या सुमारास महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. शाळांत तो ‘व्ही-वन’ किंवा ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. विषय मंडळाचा, परीक्षा मंडळाची, गुण मंडळाचे. वेल्डिंगची ठिणगी दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचली. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस मी मानतो. तो साजरा झाला की नाही ते महत्त्वाचे नाही.

आश्रमाच्या इतर कामांपैकी एक आमच्या गावाच्या जिव्हाळ्याचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अण्णांच्या पिढीने अंगावर घेतला. दगडमातीच्या भिंती माणसांवर कशा कोसळतात ते त्यांनी पाहिले होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तेच झाले. पाबळला तोवर त्रिकोणांच्या जोडणीतून उभा राहणारा घुमट तयार होता. हलका, कमी सामानाचा आणि शिकाऊ मुलांनाही बांधता येईल असा. लातूरच्या पुनर्वसनात हे पाबळ घुमट उभे राहिले. त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही, चौकोन तिरका होतो, ही आठवीच्या भूमितीतली गोष्ट. हीच गोष्ट एखाद्या घराचे छत होते, हे मुलांना हाताने कळले. जीपचे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा, स्वस्त ट्रॅक्टरही इथलाच.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ सुरू झाली. संगणकाने चालणारी, हवी ती वस्तू कापून-कोरून देणारी छोटी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळचे नाव घेतले जाते. जगभर पसरलेल्या या चळवळीच्या मुळाशी शिरूर तालुक्यातली एक टेकडी आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. पुढच्याच वर्षी, जुलै २००३ मध्ये, कलबाग गेले. संस्था थांबली नाही. डॉ. योगेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे नेली, आणि ‘लेंड अ हँड इंडिया’ या संस्थेने आयबीटी पाबळच्या पलीकडे अनेक शाळांत पोचवली. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला तेव्हा बहुकौशल्याचा अभ्यासक्रम आखताना पाबळच्या अनुभवाचा पाया मिळाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आणि कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आली आहे. दहा दिवस थोडेच आहेत. पाबळने आठवड्याचा एक दिवस मागितला होता आणि तो दरवर्षी लागत होता. पण दार उघडले आहे.

अडचणी लपवून संस्थेचा इतिहास लिहू नये. सर्वांत मोठी अडचण शिकवणाऱ्या माणसाची. चांगला वेल्डर बाहेर जितके मिळवतो तितके मानधन शाळा देऊ शकत नाही, आणि पदवी नसल्याने तो शिक्षक म्हणून मान्य होत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी विषय मंजूर असतो, यंत्रे असतात आणि शिकवणारा नसतो. दुसरी अडचण घरची. ‘पोरानं शिकून मिस्त्रीच व्हायचं का?’ हा प्रश्न मी पालकसभेत अनेकदा ऐकला आहे. विचारणारे बहुतेक स्वतः मिस्त्री असत. त्यांचे चुकत नव्हते. ज्या कामाने त्यांना पैसा दिला त्या कामाने मान दिला नव्हता. उत्तर एकच होते: हुशार म्हणवणारी मुलेही त्याच बाकावर, त्याच ठिणग्यांत उभी करणे. जिथे हा विषय फक्त मागे पडलेल्यांसाठी ठेवला जातो तिथे तो मरतो. हे मी बाहेरून लिहीत नाही. माझ्या नोकरीच्या एका शाळेत त्याचे असेच झालेले पाहिले आहे.

अलोऱ्याकडे आता हे सगळे घेऊन पाहा. आमच्या भोवती भूमिगत वीजघरे, बोगदे, दारे, स्विचयार्ड. १३ मार्च १९९९ ला चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या तळाशी भोक पाडून पाणी घेतले गेले, तेव्हा देश त्या लेक टॅपिंगकडे पाहत होता. प्रकल्प संपत गेले तशा वसाहती ओसरल्या, आणि त्यांच्याबरोबर रिगर, टर्नर, ड्रिलर, फिटर यांची एक अख्खी पिढी आपले ज्ञान घेऊन निघून गेली किंवा इथेच ओट्यावर बसून राहिली. त्यातले जे आजही आहेत ते या विषयाचे शिक्षक होऊ शकतात. कामही इथे कमी नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. किती घरांतल्या मोटारी, मिक्सर, शिवणयंत्रे चिखलाने भरली! मोटार उघडून, धुऊन, वाळवून, गुंडाळीचा रोध मोजून ती वाचवता येते का हे ठरवणे, हा नववीच्या मुलांना झेपणारा धडा आहे. डोंगरउतारावरची जमीन पावसात किती ओल धरते हे साध्या साधनांनी रोज नोंदवणे, हा दुसरा. फणसाचे गरे आणि कोकम फुकट जाऊ न देणे, हा तिसरा, आणि तो पाबळला मिळणार नाही, तो आमचाच.

पाबळहून पहिल्यांदा परतलो, त्या मे महिन्यात अलोऱ्याला आलो होतो. अण्णा निवृत्त झाले होते. कानाने ऐकू कमी येत होते, पण बोटे तशीच होती. मी त्यांना चार सळ्यांची आकृती काढून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, आतल्या दोन सळ्यांवर बोट ठेवले आणि मी सांगायच्या आधीच म्हणाले, “व्होल्टेज इथनं घ्यायचं.” मग बराच वेळ कागद बघत राहिले.

“हे दहावीच्या पोरांना शिकवत्यात?”

“हो. परीक्षा असते.”

“गुणपत्रिकेवर येतं?”

“येतं, अण्णा. बोर्डाच्या.”

त्यांनी कान पुढे केला. “काय म्हटलास?”

मी मोठ्याने पुन्हा सांगितले. ऐकू आले होते त्यांना, पण त्यांनी आणखी एकदा विचारले.

“छापून?”

“छापून.”

त्यांनी तो कागद चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.